तात्यांचा बोअर आणि ‘माहीत असणं’ म्हणजे नक्की काय

गेल्या उन्हाळ्यात आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांनी, रानात बोअर घेतला. गाव औसा तालुक्यातलं, वर काळी माती, खाली मुरूम आणि मग नुसता पाषाण. पाणाडी, म्हणजे जमिनीखालचं पाणी कुठं आहे ते दाखवणारा माणूस, आला, चपला बांधावर काढल्या, तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि बांधाबांधानं फिरायला लागला. चिंचेच्या अलीकडं वीसेक पावलांवर नारळ उभा राहिला, मी जवळून पाहिलं, शेंडी वर करून सरळ उभा. तिथं चुना टाकला, नारळ फोडला, रात्री बोअरची गाडी आली. आधी तांबूस मुरमाचा लोट उडाला, मग काळा भुगा यायला लागला, तात्या प्रत्येक रॉड खाली गेला की बोटावर मोजत उभे, चेहऱ्यावर पांढरी धूळ बसलेली. दोनशे चाळीस फुटांच्या आसपास भुगा ओलसर झाला आणि थोडं पुढं गेल्यावर पाणी उसळून वर आलं. तात्या माझ्याकडं वळून म्हणाले, “बघ, म्हणलं नव्हतं का? त्याला माहीत असतंय.”

तेव्हा मी काहीच बोललो नाही, घरात आनंद होता, कर्ज काढून घेतलेल्या बोअरला पाणी लागणं म्हणजे काय असतं हे आमच्याकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. पण ‘त्याला माहीत असतंय’ हे वाक्य डोक्यातून जाईना. कारण आदल्याच वर्षी ह्याच पाणाड्यानं भावकीतल्या एका घराला जागा दाखवली होती आणि तो बोअर सहाशे फूट जाऊन कोरडा गेला, तेव्हा ‘त्याला माहीत नव्हतं’ असं कुणी म्हणलं नाही, तेव्हा सगळे म्हणले, नशीब.

तर प्रश्न असाय: एखाद्याचं बोलणं बरोबर निघालं म्हणजे त्याला ते माहीत होतं असं होतं का? हा प्रश्न जुना आहे, अडीच हजार वर्षांपासून लोक त्यावर भांडत आलेत, ग्रीसमध्ये पण आणि आपल्याकडं पण. ज्या शास्त्रात हे सगळं येतं त्याला ज्ञानमीमांसा म्हणतात. नाव जड आहे पण आतला माल रोजच्या वापरातला आहे, त्यामुळं मी तो तात्यांच्या रानातूनच सांगणार आहे.

आधी एक गोष्ट जी मराठीत फार छान दिसते. इंग्रजीत ‘नो’ (know) हे एकच क्रियापद सगळीकडं चालतं, आपल्याकडं त्याचे सरळ तीन वाटे पडतात. लातूर जिल्ह्याचं ठिकाण लातूर आहे हे मला माहीत आहे. मला पोहायला येतं. आणि त्या पाणाड्याला मी ओळखतो. माहीत असणं, येणं, ओळखणं. विहिरीत पोहणाऱ्या पोराला पाण्याचा दाब, उत्प्लावन वगैरे काही माहीत नसतं तरी त्याला पोहायला येतं, आणि पोहण्यावरची दहा पुस्तकं वाचलेल्या माणसाला विहिरीत ढकललं तर तो बुडू शकतो. गिल्बर्ट राइल नावाच्या इंग्लंडच्या तत्त्वज्ञानं १९४९ मध्ये हा फरक मोठा मुद्दा म्हणून मांडला, आपल्या भाषेत तो आधीपासून क्रियापदातच बसलेला आहे. ह्या लेखात बोलायचं ते पहिल्या वाट्याबद्दल, म्हणजे ‘अमुक गोष्ट अशी आहे हे माहीत असणं’ ह्याबद्दल. कारण पाणाडी जेव्हा म्हणतो की इथं अडीचशे फुटाच्या आत पाणी लागतंय, तेव्हा तो मला नारळ फिरवायला येतो एवढंच म्हणत नाही, तो जमिनीच्या पोटाबद्दल दावा करतो आणि त्या दाव्यावर आपण लाखभर रुपये लावतो.

आता माहीत असणं म्हणजे काय. साध्या हिशोबानं तीन गोष्टी लागतात असं पुष्कळ काळ मानलं गेलं. एक, ती गोष्ट तुम्हाला मनातून पटलेली पाहिजे. दोन, ती खरी पाहिजे. तीन, पटायला काहीतरी धड कारण पाहिजे, आधार पाहिजे. पहिली अट सरळ आहे, जे मला पटतच नाही ते मला माहीत आहे असं मी कसं म्हणू. दुसरीत लोक घसरतात. ‘मला माहीत होतं की यंदा सोयाबीनला भाव येणार, पण आला नाही’ असं आपण बोलतो खरं, पण नीट पाहिलं तर ते माहीत नव्हतं, ते वाटत होतं. खोटी गोष्ट माहीत असू शकत नाही, फक्त खरी वाटू शकते. आणि इथंच खात्रीचा गोंधळ होतो, खात्री ही मनाची अवस्था आहे, माणूस छातीवर हात ठेवून शंभर टक्के खात्रीनं चुकीचं बोलू शकतो आणि घाबरत घाबरत बरोबर उत्तर देणारं पोर वर्गात असतंच, त्याला उत्तर माहीत असतं, खात्री नसते.

तिसरी अट खरी महत्त्वाची. प्लेटोच्या ‘मेनो’ ह्या संवादात सॉक्रेटिस विचारतो की लारिसा गावाचा रस्ता माहीत असलेला माणूस आणि ज्याचा नुसता अंदाज बरोबर आहे असा माणूस, दोघंही लारिसाला पोचवतात, मग ज्ञानाचं मोल जास्त का? त्याचं उत्तर मला फार आवडतं. तो म्हणतो खरी समजूत ही डीडलस ह्या दंतकथेतल्या कारागिराच्या पुतळ्यांसारखी असते, बांधून ठेवली नाही तर पळून जाते, आणि कारणाच्या दोरीनं बांधली की मग तिचं ज्ञान होतं. आपल्या भाषेत म्हणायचं तर दाव्याला न बांधलेलं जनावर आज गोठ्यात आहे म्हणून उद्या असेल असं नाही. तात्यांचा पाणाडी एका बोअरला बरोबर निघाला, पुढच्याला निघेल का हे कशावर सांगायचं? दावं कुठाय?

तर हा तीन पायांचा हिशोब, पटलेलं, खरं आणि आधार असलेलं, बराच काळ चालला. मग १९६३ मध्ये एडमंड गेटिए नावाच्या अमेरिकी प्राध्यापकानं फक्त तीन पानांचा लेख लिहिला आणि दाखवलं की तिन्ही पाय असूनही खुर्ची पडू शकते. त्याची उदाहरणं नोकरीच्या मुलाखतीची वगैरे आहेत, मी आमच्याकडचं सांगतो.

शेताला लाइट रात्रीची. आमच्या घराच्या माळवदावरून तात्यांच्या रानातल्या स्टार्टरच्या पेटीवरचा बल्ब दिसतो, तो पेटला की समजायचं थ्री फेज आली, चला मोटार चालू करायला, कित्येक वर्षांचा हा हिशोब आहे आणि कधी चुकलेला नाही. एका रात्री तात्यांना माळवदावरून उजेड दिसला, ते म्हणले लाइट आली, बॅटरी घेतली आणि निघाले. रानात गेले तर लाइट खरंच आलेली होती. पण बल्ब जळालेला होता, गेलेला. दिसलेला उजेड शेजारच्या रानातल्या नव्या सोलर दिव्याचा होता, तो त्याच दिवशी बसवला होता, त्याला लाइट असो नसो फरक पडत नाही.

आता सांगा, माळवदावर उभं राहून तात्यांना लाइट आल्याचं माहीत होतं का? त्यांना पटलेलं होतं. खरं होतं. आधार पण चांगला होता, वर्षानुवर्षांचा. तरी ‘माहीत होतं’ म्हणायला जीभ रेटत नाही ना? कारण खरेपणा एका बाजूनं आला आणि आधार दुसऱ्या बाजूनं, दोघांची गाठ योगायोगानं पडली. लाइट आली नसती तरी तात्यांना तो उजेड दिसलाच असता.

आणि मला खरा अभिमान वाटतो तो पुढच्या गोष्टीचा. धर्मोत्तर नावाचे बौद्ध पंडित होते, आठव्या शतकातले, त्यांनी जवळजवळ हेच सांगून ठेवलंय. तहानलेला प्रवासी वाळवंटात लांबून पाणी पाहतो, ते असतं मृगजळ, पण तो तिथं पोचतो तर दगडाच्या आडोशाला खरंच पाणी सापडतं. त्याला पाणी माहीत होतं का? गेटिएच्या बाराशे वर्षं आधी हा प्रश्न आपल्या उपखंडात विचारला गेलाय आणि आमच्या पदवीच्या पुस्तकात तो नव्हता, मला तो पस्तिशीत कळला, ह्याचं वाईट वाटतं.

आपल्याकडच्या शास्त्राची पद्धत जरा वेगळी आहे. न्यायदर्शनवाले, म्हणजे आपल्याकडची तर्काची जुनी परंपरा मानणारे, ज्ञानाचे पाय मोजत बसण्यापेक्षा विचारतात, हे ज्ञान आलं कुठून? ज्या वाटेनं आलं ती वाट धड होती का? खऱ्या ज्ञानाला ते ‘प्रमा’ म्हणतात आणि ते ज्या साधनानं येतं त्याला ‘प्रमाण’. आपण रोज बोलतो, ह्याला प्रमाण काय, तोच हा शब्द. न्यायवाले चार प्रमाणं मानतात, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (सारखेपणावरून ओळखणं) आणि शब्द. बौद्ध तर्कशास्त्री पहिली दोनच मानतात, चार्वाक फक्त प्रत्यक्ष, सांख्य तीन, आणि कुमारिल भट्टांचे मीमांसक सहा. म्हणजे आपल्याकडं ह्यावर एकमत कधीच नव्हतं, जोरात वाद होते, आणि ती चांगली गोष्ट आहे.

प्रत्यक्ष म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं. ह्याच्यावर आपला सगळ्यात जास्त विश्वास. पण ग्रंथांतलं दोरी आणि सापाचं उदाहरण आहे ना, तेच आमच्याकडं संध्याकाळी ठिबकच्या काळ्या नळीचं होतं, पाय पडायच्या आधी अंगावर काटा येतो. अशा चुकीच्या ज्ञानाला ‘विपर्यय’ म्हणतात, आणि ‘साप आहे का नळी आहे’ असं दोन्हीकडं झुलणाऱ्याला ‘संशय’. दोन्ही प्रमा नाहीत, पण संशय आला की माणूस बॅटरी लावतो, विपर्ययवाला लावत नाही कारण त्याला वाटतं आपल्याला दिसलंय. मी नारळ उभा राहताना डोळ्यांनी पाहिला, हे माझं प्रत्यक्ष. पण मी पाहिलं ते एवढंच की नारळ उभा राहिला. खाली पाणी आहे हे मी पाहिलं नाही, पाणाड्यानं पण नाही. पाहिलेल्याला आपण नकळत एक मजला वर चढवतो आणि म्हणतो डोळ्यांनी पाहिलं.

तो वरचा मजला म्हणजे अनुमान. डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथं आग आहे, हे न्यायातलं ठरलेलं उदाहरण, आमच्याकडं उसाचं पाचट पेटलं की सगळे हेच करतात. पण ते का चालतं? तर ‘जिथं धूर तिथं आग’ ही अतूट जोड आपल्याला आधीपासून माहीत असते, तिला ‘व्याप्ती’ म्हणतात. उलटी जोड मात्र चालत नाही, आग आहे म्हणजे धूर असेलच असं नाही, भट्टीतून काढलेल्या लालबुंद लोखंडात आग आहे आणि धूर नाही. धूर यायला जळण ओलं लागतं. ह्या लपलेल्या ओलसर जळणाच्या अटीला न्यायवाले ‘उपाधी’ म्हणतात, आणि माझ्या मते ज्ञानमीमांसेतली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे, आपल्या बहुतेक फसवणुका उपाधी न दिसल्यानं होतात.

पाण्याचंच घ्या. वराहमिहिरानं सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त ‘दकार्गल’ नावाचा पूर्ण अध्याय लिहिलाय, कोणत्या झाडाच्या कुठल्या बाजूला, वारूळ असलं तर कुठं, जमिनीखाली पाणी शोधायचं ते. म्हातारी माणसं अजून म्हणतात, उंबर आहे तिथं पाणी आहे. ह्यात अनुमान आहे, आणि त्यात दम पण आहे, कारण झाडाला पाणी लागतंच, कोरड्या ठणठणीत जागी उंबर इतका हिरवा राहत नाही. पण उपाधी बघा. झाडाची मुळं जिथवर जातात तिथलं पाणी ते सांगतं. पन्नास फुटांच्या विहिरीच्या जमान्यात ही जोड चांगली होती. सहाशे फुटांच्या बोअरला उंबर काय सांगणार? खूण तीच राहिली, खोली बदलली आणि व्याप्ती तुटली, तरी आपण जुन्या खुणेवर नवा खर्च करतो.

मग नारळाची आणि पाण्याची व्याप्ती आहे का? हे ताडायला दोन गोष्टी लागतात, नारळ उभा राहिला तिथं पाणी लागतं का, आणि नारळ उभा राहिला नाही तिथं लागत नाही का. दुसरी गोष्ट कुणी बघतच नाही, कारण नारळ उभा राहिला नाही तिथं बोअर कोण घेणार. आमच्या भागात मुरमाच्या थरात आणि पाषाणाच्या भेगांत, दोन थरांच्या सांध्यात पाणी साठतं, पुष्कळ ठिकाणी थोडंफार लागतं, त्यामुळं डोळे झाकून जागा दाखवली तरी काही बोअर लागणारच. नारळामुळं किती जास्त लागले, हा खरा प्रश्न. जर्मनीत म्युनिकजवळ १९८०च्या दशकाच्या शेवटी हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं, धान्याच्या कोठारात खाली पाण्याचा पाइप सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्यानं जागा सांगायची, निवडक ४३ जणांच्या मिळून ८४३ चाचण्या घेतल्या. प्रयोग करणाऱ्यांचं म्हणणं पडलं की बहुतेकांना जमत नाही पण थोड्यांना जमतं. १९९९ मध्ये जिम एनराइट ह्यांनी तेच आकडे परत तपासले आणि दाखवलं की जे थोडे चांगले वाटतात त्यांना पण पुढच्या खेपेला तसंच जमत नाही, योगायोगानं जितकं जमेल तितकंच.

ह्याचा अर्थ पाणाडी खोटं बोलतो असा अजिबात नाही, हे मला जोर देऊन सांगायचंय. विल्यम कार्पेंटर ह्या इंग्रज डॉक्टरनं १८५२ मध्येच मांडलं होतं की मनात एखादी अपेक्षा असली की हाताचे स्नायू आपल्या नकळत बारीक हलतात. म्हणजे नारळ त्याच्याच हातानं उभा राहत असेल आणि त्याला ते कळत नसेल. तो प्रामाणिक आहे, त्याला खात्री आहे, तो अनवाणी उन्हात चार तास फिरतो. पण प्रामाणिकपणा आणि खात्री दोन्ही मिळून ज्ञान होत नाही.

ह्याच्या शेजारी भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा माणूस ठेवा, आपल्या राज्यात ही यंत्रणा १९७२ पासून आहे. तो जमिनीत खुंट्या ठोकून वीज सोडतो आणि विरोध मोजतो, ओल्या भेगा असलेल्या थरातून वीज सोपी जाते, कोरड्या सलग पाषाणातून अवघड. तो पण चुकतो. त्याचा पण बोअर कोरडा जाऊ शकतो, आणि गावात मग म्हणतात, बघा, दोघं सारखेच. सारखे नाहीत. त्याच्या पद्धतीत पाणी आणि खूण ह्यांच्यामध्ये एक दोरी आहे, ती कुठं तुटली हे नंतर शोधता येतं. ॲल्विन गोल्डमन ह्या तत्त्वज्ञानं १९७९ मध्ये हेच धरून मांडणी केली, की समजूत ज्या पद्धतीनं तयार झाली ती पद्धत बहुतेक वेळा खरं देणारी असली तर समजुतीला आधार आहे म्हणायचं. एका बोअरवरून पद्धत जोखता येत नाही, ना नारळाची, ना यंत्राची.

मीमांसकांचं एक प्रमाण इथं लगेच कामाला येतं, ‘अनुपलब्धी’, म्हणजे न दिसण्यावरून नसणं कळणं. जमिनीवर घागर दिसत नाही, म्हणजे घागर नाही. पण अट अशी की ती असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती पाहिजे, उजेड पाहिजे, डोळे धड पाहिजेत. अंधारात घागर दिसली नाही म्हणून नाही असं होत नाही. भावकीतल्या त्या घरानं एक बोअर कोरडा गेल्यावर ‘आपल्या रानात पाणीच नाही’ असं ठरवून टाकलं आणि दोन एकर विकायला काढलं. साडेसहा इंचाचं एक भोक, दोन एकर रान. असतं तर दिसलंच असतं असं त्या भोकावरून म्हणता येतं का?

आता शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्यानं सांगितलेलं. हे कमी दर्जाचं समजायची आपल्याला सवय आहे, ऐकीव म्हणतो आपण. पण बसून हिशोब केला तर आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बहुतेक ऐकीवच आहे. स्वतःची जन्मतारीखसुद्धा. जन्माला हजर होतो, पण साक्षीदार नव्हतो.

माझ्या वडलांच्या सगळ्या कागदांवर जन्मतारीख १ जून १९४९. आमच्या गावातल्या त्या पिढीच्या निम्म्या माणसांची १ जून आहे, शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी अंदाजानं वर्ष धरायचे आणि जूनची पहिली टाकायचे. आजी वारायच्या आधी मी तिला विचारलं होतं. ती म्हणली, “कागदावर काय बी आसू दे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला तुजा बाप, रझाकाराच्या सालात. आन त्याच्या बारशालाच फौज आली म्हणून बोंब उठली गावात, पाळण्यातनं उचलून पळालो आमी ज्वारीत.” एका बाजूला सरकारी शिक्क्याचा कागद, दुसऱ्या बाजूला अंगठा लावणारी म्हातारी. कुणाचं धरायचं?

न्यायसूत्रात म्हणलंय की शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश, आणि वात्स्यायनानं त्यावरच्या भाष्यात आप्त कोण ते सांगितलंय: ज्यानं ती गोष्ट स्वतः जाणलेली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे तो. आणि पुढं त्यानं एक वाक्य घातलंय, ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना हेच लक्षण सारखं लागू. म्हणजे आप्त जातीनं ठरत नाही, पदवीनं नाही, शिक्क्यानं नाही. त्याला माहीत होतं का आणि त्याला खरं सांगायचं होतं का, एवढे दोनच प्रश्न. गुरुजी वाईट नव्हते, पण त्यांनी जन्म पाहिलेला नव्हता. आजीनं तो सोसलेला होता.

तरी मी पंचांगावरून पाहिलं. १९४८ चा पोळा, श्रावणी अमावस्या, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते. दुसरा दिवस धरून बारावा दिवस मोजला तर तो साधारण पंधरा तारखेला पडतो, आणि हैदराबाद संस्थानातली पोलीस ॲक्शन १३ ते १७ सप्टेंबर १९४८. मला तो कागद हातात धरून बराच वेळ काही सुचलं नाही. आजीला इंग्रजी महिने येत नव्हते. तिचा पोळा, तिचं बारसं आणि फौजेच्या तारखा एकमेकींना येऊन टेकल्या.

तत्त्वज्ञानात आधाराबद्दल दोन मोठे पक्ष आहेत, ते इथं दिसतात. ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारत गेलं की त्याला शेवट नाही, ह्या कारणाचं कारण, त्याचं कारण. एक पक्ष म्हणतो कुठंतरी जोता पाहिजे, ज्याला पुढं आधार लागत नाही. देकार्त हा फ्रेंच तत्त्वज्ञ १६४१ मध्ये असाच जोता शोधत होता, सगळ्यावर शंका घेतली आणि शेवटी म्हणला की शंका घेणारा मी आहे एवढं तरी नक्की. दुसरा पक्ष म्हणतो जोता नको, कडब्याच्या पेंढ्या कशा उभ्या करतो आपण, एकमेकींना टेकवून, एकटी एकही उभी राहत नाही पण सगळ्या मिळून वाऱ्यात टिकतात, तसं ज्ञान. मला दुसरं जास्त पटतं, पण धोका ध्यानात ठेवावा लागतो: नीट जुळवलेलं खोटंसुद्धा एकमेकांना टेकून उभं राहतं. व्हॉट्सॲपवर पावसाच्या भाकिताचा एकच मेसेज चार ग्रुपांतून आला की चार पेंढ्या वाटतात, असते एकच. आजीचं बोलणं आणि पंचांग ह्या मात्र वेगवेगळ्या रानातल्या पेंढ्या होत्या.

शेवटची मोठी गोष्ट राहिली आणि ती मला लिहायला जड जाते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी, गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले. मी तेव्हा शाळेत होतो. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. ६.२ तीव्रतेचा भूकंप, ५२ गावं उद्ध्वस्त, हजारो माणसं दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाखाली गेली.

त्याआधी आमच्याकडं कुणालाही विचारलं असतं तर म्हणला असता, इथं भूकंप होत नाही. आणि हे अडाण्याचं बोलणं नव्हतं. देशाच्या भूकंप नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता, दख्खनचं पठार स्थिर आहे असं शिकवलं जायचं, आजोबा-पणजोबांच्या आठवणीत असं काही नव्हतं. समजूत पटलेली होती, आधार होता, आणि ती खोटी निघाली. आधार असणं म्हणजे खरं असणं नाही, हे पुस्तकात एका ओळीचं वाक्य आहे, आमच्याकडं त्याला नवी वसवलेली गावं आहेत.

डेव्हिड ह्यूम ह्या स्कॉटिश तत्त्वज्ञानं अठराव्या शतकात ह्याच जागी बोट ठेवलं. आजवर असं झालं म्हणून पुढंही असंच होईल, हे आपण कशावर म्हणतो? म्हणलं की बाबा आजवर हा हिशोब बरोबर आलाय, तर ते परत आजवरचंच झालं, जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं. चार्वाकांनी अनुमानावर घेतलेला आक्षेप पण असाच, सगळ्या काळातला सगळा धूर पाहिला कुणी? ह्याला पक्कं उत्तर आजही नाही. आणि त्याशिवाय पेरणीही करता येत नाही, मृगात पाऊस येतो ह्यावरच तर सगळं चाललंय. मला ह्यातून एवढंच कळतं की ‘कधी झालं नाही’ हे ‘होत नाही’ पेक्षा फार छोटं वाक्य आहे. किल्लारीत आदल्या वर्षी लहान धक्के बसले होते, त्या छोट्या वाक्यात त्यांना जागा होती, मोठ्यात नव्हती.

भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीत ६१७ मीटर खोल बोअर घेतला. ३३८ मीटर, म्हणजे अकराशे फुटांच्या वर, काळा पाषाण लागला आणि त्याखाली जुना खडक. मी हे तात्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणले, “अकराशे फूट निस्ता पाषाण? मग आमी सहाशे फूट काय शोधूलालाव?” आणि मग थोडं थांबून, “आन पाणाड्याला हे माहीत असंल का रं?”

त्यानंतर त्यांनी माझ्याकडून एक दोनशे पानी वही मागून घेतली. गावात कुठंही बोअरची गाडी आली की संध्याकाळी जाऊन विचारून येतात, जागा कुणी दाखवली, मुरूम किती फुटांपर्यंत, ओल कुठं, पाणी कुठं. कोरडे गेलेले पण लिहितात, त्यासाठी लोकांना दोनदा विचारावं लागतं कारण कोरड्याचं सांगायला कुणी खुश नसतं. अजून नोंदी थोड्या आहेत, त्यावरून काही म्हणता येत नाही, आणि तात्या पण म्हणत नाहीत. परवा गेलो तेव्हा शेवटची ओळ वाचली: “उत्तरेचा बांध. नारळ उभा. ३१० फूट. मुरूम ४० पर्यंत, पुढं काळा. १८० ला ओल. पाणी नाही.”